घरगुती आठवणी आणि त्यांचें प्रामाण्य

घरांतील वडील माणसानें उतारवयांत आपली हकीकत मुलानातवंडांकरितां लिहून ठेवावी, ही चाल आपल्याकडे फार जुनी नसली तरी अगदींच आजकालची नाहीं. वतनाच्या तंट्याच्या निमित्तानें घराण्यांनीं आपले करीने लिहविले. इंग्रजी अमलांत नोकरीवरून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीं आत्मवृत्तें लिहिलीं. विसाव्या शतकांत कुलवृत्तांतांचे संपादक घरोघर पत्रें पाठवून म्हातार्‍या माणसांकडून माहिती मागवूं लागले. पुण्याच्या जुन्या पेठांतील माळ्यांवरून अशा वह्या अजून खालीं येतात. वही हातीं आली कीं संशोधकापुढें प्रश्न उभा राहतो तो हा कीं, हिच्यांतील पाहिलेलें किती, ऐकलेलें किती, आणि सांगतां सांगतां तयार झालेलें किती? या प्रश्नास सरसकट उत्तर देणें शक्य नाहीं. परंतु ज्या कांहीं वृत्तांतांची पारख इतर साधनांनीं करतां येते, त्यांवरून आठवणीची चाल कशी असते हें बरेंच उमगतें; म्हणून प्रस्तुत लेखांत अशा थोड्या वृत्तांतांचा विचार योजिला आहे.

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली ती वाचकांस विदित आहेच. समकालीन पत्र श्रेष्ठ व मागाहून लिहिलेली बखर कनिष्ठ, हा दंडक तेव्हांपासून पडला, आणि १९१० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें तो नेटानें चालविला. त्यापासून इतिहासाचें कल्याणच झालें. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, ज्यांनीं पत्रें लिहिलीं नाहींत, किंवा ज्यांचीं पत्रें कोणीं जपलीं नाहींत, अशा माणसांच्या तोंडच्या हकीकती आपोआप खालच्या पंक्तीस बसल्या. आम्हीहि बरीच वर्षें याच मताचे होतों. पुढें ध्यानांत आलें कीं, पत्र लिहिणाराहि कांहीं तरी साधावयास निघालेला असतो. लढाई हरलेला सरदार दुसर्‍या दिवशीं जें पत्र लिहितो त्यांत तारीख खरी असते, पण कारणें खरीं असतीलच असें नाहीं.

प्रथम एकाच घरांतून निघालेल्या दोन कागदांकडे पाहूं. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरांत शकावली होती, आणि त्याच घराण्याचा करीनाहि उपलब्ध आहे. शकावली दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे यांनीं लोकमान्य टिळकांस दिली, व टिळकांनीं ती १९१६ सालीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत छापली. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या या नोंदींत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असा दिला आहे. बखरींच्या आधारें तोंवर शके १५४९ वैशाख शुद्ध २ ही तिथि चालत आली होती. ज्या पुरुषाविषयीं महाराष्ट्रांत घरोघर बोललें जात होतें त्याच्याच जन्माविषयीं लोकस्मृति सुमारें पावणेतीन वर्षांनीं चुकली. आणि मावळांतील एका देशमुखाच्या कोरड्या टांचणानें ती दुरुस्त केली. शिवभारताचा पाठ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांतहि हीच तिथि निघाली, व पुढें महाराष्ट्र शासनानेंहि तीच ग्राह्य धरली.

येथवर राजवाड्यांचाच पक्ष बळावतो. पण करीना उघडला म्हणजे निराळाच प्रांत लागतो. अफजलखान वाईकडे येत असतां कान्होजी जेधे आपल्या पांच पुत्रांसह महाराजांकडे आले. वतनास धोका आहे, विचार करा, असें महाराजांनीं सुचविलें असतां कान्होजींनीं हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडलें, असा प्रसंग करीन्यांत आहे. शकावलीला या प्रसंगांत गोडी नाहीं. तिला खानाच्या वधाची तिथि, शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध ७, एवढी पुरे. कान्होजींना खानास मिळण्याविषयीं आदिलशाही फर्मान आलें होतें. तें १६ जून १६५९ चें असून उपलब्ध आहे. म्हणजे पेंच खरा होता, निवडहि खरी होती. पण समोरासमोर झालेलें भाषण, हातावरचें पाणी, बापामागें उभे असलेले पुत्र, हें सर्व करीन्यावांचून दुसरीकडे कोठेंहि नाहीं.

मग तें खरें मानावें काय? आमच्या मतें येथें प्रश्नच थोडा फिरवून विचारला पाहिजे. करीना लिहिला गेला तो वतनाचा हक्क व घराण्याचा मान सांगण्याकरितां. ज्या घराला पुढें वतन टिकवावयाचें आहे तें घर, मूळ पुरुषानें वतनावर पाणी सोडलें, हाच प्रसंग सर्वांत जपून ठेवतें, हा योगायोग नव्हे. जें टाकलें म्हणून सांगितलें त्याच्याच जोरावर पुढें मागावयाचें होतें. आठवणीनें प्रसंग निर्माण केला असें आम्ही म्हणत नाहीं. अनेक प्रसंगांतून हाच वर उचलला, आणि पिढ्यांच्या सांगण्यानें त्याला रेखीव आकार आला, एवढेंच आमचें म्हणणें. कान्होजी त्या दिवशीं आणखी काय बोलले, पुत्रांपैकीं कोणी कुरकुरला कीं काय, हें घरानें जपलें नाहीं, कारण घराला त्याचा उपयोग नव्हता.

याच्या उलट टोंकाला नाना फडणिसांचें आत्मचरित्र. नानांचा जन्म १७४२ चा. पानिपतच्या वेळीं ते एकोणीस वर्षांचेहि पुरते नव्हते. मातुश्री व पत्नी यांसह तीर्थयात्रेच्या ओढीनें ते भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर उत्तरेस गेले. १४ जानेवारी १७६१ च्या अनर्थांतून ते वेष पालटून निसटले; पुढें पत्नी भेटली, आई भेटली नाहीं. पुढें जे नाना पत्रव्यवहाराच्या बळावर हिंदुस्थानभर राजकारण खेळले, ज्यांच्या हाताखालीं कागदांचे रुमालच्या रुमाल बांधले गेले, त्याच नानांनीं स्वतःविषयीं लिहितांना कारभाराचा वैभवकाळ सोडला आणि बाळपण, देवपूजेची आवड, तारुण्यांतील विषयवासना व तिचा पश्चात्ताप, आणि आईची ताटातूट एवढ्यावरच लेखणी चालविली. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीच्या आरंभाशीं हा वृत्तांत थांबतो. दप्तर ज्याच्या मुठींत होतें त्यालाहि स्वतःची गोष्ट दप्तरांत सांपडली नाहीं, असेंच म्हणावें लागेल. पानिपतावर सैन्य किती, तोफा किती, याचा हिशेब करणार्‍यास हें लिखाण फारसें कामाचें नाहीं. त्या दिवशीं अठरा वर्षांच्या मुलाला काय वाटलें हें कळावयास दुसरा कागद नाहीं.

आतां या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतों. तो म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गांवचे हे याज्ञिक. घरची गरिबी व कर्ज. त्यांत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा मोठी मिळणार अशी वार्ता आली. तेव्हां काकांना बरोबर घेऊन हे १८५७ च्या आरंभीं उत्तरेस निघाले आणि नेमके त्या वर्षाच्या उत्पातांत सांपडले. झांशींत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास असतांना १८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोजनें घातलेला वेढा, ३ एप्रिलचा हल्ला व पुढची कत्तल व लूट त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. जमविलेलें द्रव्य लुटलें गेलें. गंगेची कावड मात्र त्यांनीं घरीं आणली व आईबापांस त्या पाण्यानें स्नान घातलें. द्रव्याकरितां निघालेल्या माणसानें द्रव्याऐवजीं काय आणलें, तर ती कावड आणि ही हकीकत.

ही हकीकत त्यांनीं कागदावर उतरविली ती मात्र १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. म्हणजे पाहणें व लिहिणें यांत जवळजवळ पाव शतकाचें अंतर. या पाव शतकांत ती वरसईस ओटीवर किती वेळां सांगून झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. परत आलेला प्रवासी, त्यांतून झांशीहून परत आलेला; त्याला लोक स्वस्थ थोडेच बसूं देणार! सांगण्याबरोबर ऐकणाराचें कुतूहलहि हकीकतींत शिरतें. जेथें श्रोते पुढें सरसावतात तेथें सांगणारा रेंगाळतो, जेथें जांभई देतात तेथें तो पुढें जातो, आणि दहा वर्षांनीं रेंगाळलेला भागच तेवढा आठवणींत उरतो.

येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गोडसे भटजी ज्या विद्येंत वाढले तिची सारी उभारणी स्मरणावर. संहितेचें एक अक्षर ढळूं नये म्हणून पद, क्रम, जटा, घन असे पाठ आपल्या पूर्वजांनीं योजिले. तेच शब्द उलटसुलट जोडून म्हणतां म्हणतां चूक आपोआप उघडी पडते. अशा शिक्षणांतून निघालेल्या माणसाची आठवण पक्की असणार असें पुष्कळजण म्हणतात, आणि त्यावरून ‘माझा प्रवास’ निःशंक प्रमाण मानतात. पण हा तर्क चुकीचा आहे. वैदिकाचें स्मरण शब्दांचें, आणि तेंहि दुसर्‍या वैदिकाच्या कानाखालीं तपासलेलें. स्वतः पाहिलेल्या प्रसंगाला घनपाठ नाहीं. झांशीच्या गल्लींत काय झालें हें भटजींनीं चुकीचें सांगितलें तर त्यांना अडविणारा गुरुबंधु वरसईच्या ओटीवर कोणी नव्हता.

तथापि पुस्तक लक्षपूर्वक वाचलें म्हणजे त्यांतील पाहिलेलें व ऐकलेलें हे दोन थर बर्‍याच ठिकाणीं वेगळे करतां येतात. गंगाधररावांच्या स्वभावाविषयींच्या ज्या चमत्कारिक गोष्टी त्यांत आहेत त्या भटजींनीं पाहिलेल्या असणें शक्यच नाहीं, कारण गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरांतच वारले होते. त्या झांशींतील ओट्यांवरच्या गप्पा. राणीच्या अखेरच्या लढाईची हकीकतहि ऐकीव. या भागांत भाषा कीर्तनाच्या वळणावर जाते, पात्रें एकमेकांशीं लांब संवाद करूं लागतात. उलट वेढ्याच्या व लुटीच्या वर्णनांत विहिरी आहेत, गवताच्या गंज्या आहेत, जळणार्‍या प्रेतांची दुर्गंधि आहे, राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याबद्दलची एका विद्याव्यासंगी ब्राह्मणाची हळहळ आहे. तोंडचे संवाद थोडे. नाक, कान व पोट यांची साक्ष अधिक. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ऐकलेली गोष्ट मनांत पुरी वाक्यें घेऊन येते. सोसलेली गोष्ट बहुधा वासानें, तहानेनें आठवते.

पण सोसलेल्या भागांतहि मनाची मांडणी दिसतेच. झांशीची लूट ते दिवसवार सांगतात: आधीं सोनेंरुपें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग कपडालत्ता व धान्य, अशी वेगवेगळ्या पलटणींनीं पाळीपाळीनें केलेली. लुटीला असा क्रम थोडाबहुत असूं शकेल. आधीं जें मौल्यवान तेंच जाणार. परंतु इतकी नीटस विभागणी पाहून आम्हांस तरी असें वाटतें कीं, यांत याज्ञिकाची सवय आहे. ज्याचा जन्म पहिल्या दिवशीं हें, दुसर्‍या दिवशीं तें, अशा प्रयोगक्रमांत गेला त्यानें अंदाधुंदीचे दिवसहि त्याच चाकोरींत लावून ठेवले. असें केल्यावांचून त्याला ते आठवलेहि नसते.

शिपायांच्या तोंडून ऐकलेली चौर्‍यायशीं कलमांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. कलकत्त्यास राजेरजवाडे जमवून इंग्रजांनीं धर्म बुडविणारीं चौर्‍यायशीं कलमें वाचून दाखविलीं, असें भटजी सांगतात. अशी सभा झालेली नाहीं. पण १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, त्याच वर्षींचा समुद्रापार जाण्याची अट घालणारा लष्करभरतीचा कायदा, दत्तक नामंजूर करून खालसा केलेलीं संस्थानें, चरबीचीं काडतुसें, या सर्व खर्‍या गोष्टी त्या कल्पित सभेंत एकवटलेल्या दिसतात. आठवणीनें येथें एक अफवा पाव शतक जशीच्या तशी जपून ठेवली. १८८३ पर्यंत बंडाच्या कारणांची चर्चा पुष्कळ होऊन गेली होती, तरी भटजींनीं आपली हकीकत तिच्याशीं जुळवून घेतली नाहीं. सभेचा पुरावा म्हणून हा मजकूर शून्य. १८५७ त शिपाई वाटेवरच्या ब्राह्मणाला काय सांगत होते याचा पुरावा म्हणून बहुमोल.

काल्पीच्या वाटेवर पहांटेस राणी भेटली, तहानेली होती, आणि भटजी विहिरींतून पाणी काढूं लागले असतां तिनें त्यांना थांबवून स्वतःच काढलें, या प्रसंगाविषयीं आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतें. साक्षीदार एकच. पडताळा घेण्यास दुसरें साधन नाहीं. भटजींच्या घरीं हाच प्रसंग सर्वांत जास्त वेळां सांगितला गेला असणार, आणि जास्त सांगितलेला प्रसंग जास्त घासलेला असतो. म्हणून त्यांतील शब्द आम्ही राणीचे म्हणून उद्धृत करणार नाहीं. पण भेट झालीच नाहीं असें म्हणण्यासहि आधार नाहीं.

परदेशांतहि या विषयाचा विचार झाला आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, अमेरिकेंतील मूलनिवासी लोकांची एक कथा इंग्रज विद्यार्थ्यांस वाचावयास देऊन ती पुनः पुनः सांगवून घेतल्याचे प्रयोग आहेत. दर वेळीं अपरिचित तपशील गळत गेले, व जे राहिले ते सांगणार्‍याच्या ओळखीच्या वळणावर गेले. त्यापूर्वीं १९२५ त फ्रान्समध्यें मॉरिस हाल्बवाक्स यानें असें प्रतिपादिलें कीं, माणूस एकटा आठवत नाहीं. घर, जात, धर्म यांनीं घातलेल्या चौकटींतच त्याची आठवण उभी राहते. हे सिद्धांत येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, गोडसे भटजींच्या लुटीच्या क्रमांत किंवा जेध्यांच्या करीन्यांत जें दिसतें तें आपल्याच लोकांचें वैगुण्य नव्हे.

चौकट म्हणजे काय तें पुण्याच्याच एका घरांत चांगलें पाहावयास सांपडतें. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. न्यायमूर्ति माधवराव १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले होते. पुस्तकाच्या नांवांतील ‘आमच्या’ हा शब्द ध्यानांत घ्यावा. आणि हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, लेखिका पुढें आणखी पुष्कळ वर्षें जगल्या व १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें, तरी पुस्तक पतीच्या अखेरीशीं थांबतें. ‘आमचें’ आयुष्य तेथें संपलें होतें.

१८७३ च्या अखेरीस हें लग्न झालें तेव्हां रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. माधवराव एकतीस वर्षांचे, प्रथम पत्नी नुकतीच गेलेली. सुधारक मित्रांची अपेक्षा कीं, ते विधवेशीं विवाह करतील. वडिलांचा हट्ट कीं, कुमारिकेशींच करावा. बापलेकांतील या पेंचाची हकीकत रमाबाईंनीं विस्तारानें दिली आहे. पण ती त्यांनीं पाहिली कोठें? त्या वेळीं त्या घरांत त्या आलेल्याहि नव्हत्या. सासरच्या माणसांनीं पुढें सांगितलेलें, पतीच्या तोंडून कधीं निघालेलें, असें सर्व एकत्र होऊन तें त्यांच्या लेखणींतून उतरलें. सुमारें छत्तीस वर्षांच्या सवयीनें घराची आठवण ती स्वतःची आठवण झाली. त्यांत खोटेपणा लवमात्र नाहीं. मात्र या भागाची साक्ष काढतांना ‘रमाबाई सांगतात’ असें न म्हणतां ‘रानड्यांच्या घरांत असें सांगत’ असें म्हटलें पाहिजे. याउलट घरांतील वडील बायकांनीं लिहिण्यावाचण्याबद्दल त्यांना दिलेला त्रास हा निखालस त्यांचा स्वतःचा भाग. तो रानड्यांच्या कोणत्याहि चरित्रकारास दुसरीकडून मिळाला नसता, कारण स्वयंपाकघरांत काय चालतें याची नोंद दिवाणखान्यांत होत नसते.

कर्व्यांच्या कुटुंबाचें उदाहरण याहून मजेचें आहे, कारण तेथें एकाच संसाराचे सांगणारे तीन. धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ चें. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. आणि पत्नी आनंदीबाई यांचें ‘माझे पुराण’ १९४४ चें. नांवेंच पाहा: वृत्त, कहाणी, पुराण. अण्णासाहेब गणिताचे अध्यापक. त्यांनीं वृत्त लिहिलें, म्हणजे घडलें तसें, हिशेबानें. कहाणी श्रावणांत देवापुढें बसून बायका सांगतात व ऐकतात, आणि ती व्रत घेतलेल्या बाईची असते. पुराण देवळांत लागतें, लांबत जातें, आणि घरांत एखादी म्हातारी आपलें तेंच तें सांगूं लागली म्हणजे त्यालाहि आपण थट्टेनें पुराण म्हणतों. आनंदीबाईंनीं ती थट्टा स्वतःवरच करून घेतली आहे. सांगावयास बसण्यापूर्वींच प्रत्येकानें आपली चौकट निवडली होती.

११ मार्च १८९३ चा पुनर्विवाह, मुरूडकरांनीं घातलेला बहिष्कार, १८९६ सालीं काढलेला अनाथबालिकाश्रम, पुढें हिंगण्यास गेलेलें बिर्‍हाड, हे टप्पे वृत्तांत व पुराणांत तेच आहेत. पण वृत्तांत आश्रम वाढत जातो, आणि पुराणांत घरखर्च भागत नाहीं. जो त्याग अण्णासाहेबांच्या लेखीं एका ओळीचा विषय, तो आनंदीबाईंच्या लेखीं रोजच्या डाळतांदुळाचा. कोणाची आठवण खरी? दोन्ही. मात्र पुण्यानें बरींच वर्षें पहिलीच ऐकली, शाळांतून तीच शिकविली, आणि दुसरी निघाली तेव्हां महर्षि शहाऐंशीं वर्षांचे झाले होते. या कुटुंबांतील कोणाच्याहि मोठेपणास त्यामुळें बाध आला नाहीं. उलट संस्था उभी राहते तेव्हां तिची किंमत कोठून दिली जाते, हें आनंदीबाईंनीं लिहिलें नसतें तर कागदावर आलेंच नसतें. संस्थेच्या जमाखर्चांत देणगी लिहिलेली असते. ती देणाराच्या घरांत काय कमी पडलें तें लिहिलेलें नसतें.

तारखांविषयीं थोडें. घरगुती वृत्तांतांत सन चुकतात म्हणून संशोधक त्यांना हंसतात. पण घरांत सन मोजण्याची रीतच निराळी. पुण्यांत पूर्वीं प्लेगाच्या सालाआधीं कीं नंतर असें विचारलें म्हणजे १८९७ चा मेळ बसे. पुढच्या पिढीला पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, हा तसाच खुंटा झाला. अशा खुंट्याला बांधलेली आठवण सहसा एक-दोन वर्षांपलीकडे सरकत नाहीं. मात्र खुंटा फार मोठा असला म्हणजे आसपासच्या गोष्टीहि त्यालाच येऊन चिकटतात. घरचे जुने कागद कोठें गेले असें विचारलें असतां ‘पुरांत गेले’ हें उत्तर चढावरच्या, पाणी न आलेल्या वाड्यांतहि ऐकूं येतें, तेव्हां आम्ही तें मुकाट्यानें टिपून घेतों व माळा पाहण्याची परवानगी मागतों.

आतां राहिला तो संपादकांचा अपराध. आठवण बदलते ती सांगणार्‍याच्याच मनांत असें नाहीं. ती छापखान्याच्या वाटेवरहि बदलते. गोडसे भटजींचें हस्तलिखित वैद्यांनीं १९०७ सालीं, भटजींच्या मागें, छापलें. पण जसेंच्या तसें नव्हे. भाषा सफाईदार केली, कांहीं मजकूर गाळला, मांडणी बदलली. १९०७ सालचें वातावरण पाहतां त्यांस फार दोष देतां येत नाहीं. दुसर्‍याच वर्षीं टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि तशा दिवसांत सत्तावन सालाविषयीं जपूनच लिहावें लागे. शिवाय वैद्यांनीं एक मोठें काम केलें कीं, मूळ मोडी हस्तलिखित फेंकून न देतां १९२२ सालीं तें मंडळाच्या स्वाधीन केलें. त्यावरून म. म. दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं मूळ पाठ प्रसिद्ध केला. मधल्या एकोणसाठ वर्षांत मात्र झांशीच्या राणीविषयीं लिहिणार्‍यांनीं भटजींची म्हणून जी वाक्यें उतरून घेतलीं तीं कित्येक ठिकाणीं वैद्यांचीं होतीं, आणि इतर भाषांतहि हकीकत प्रथम गेली ती त्याच सुधारलेल्या वेषानें.

घरोघरच्या वह्यांचीहि हीच दशा होते. आजोबांची वही छापावयाची म्हणून नातू ती ‘शुद्ध’ करतो: पुनरुक्ति काढतो, भाऊबंदकीचा मजकूर वगळतो, आजीविषयींचें एखादें कठोर वाक्य खोडतो, चुकलेला सन दुरुस्त करतो. सन दुरुस्त करण्यास आमची हरकत नाहीं, पण तो तळटीपेंत करावा. चुकलेला सन कशाच्या आधारानें चुकला यावरूनच पुष्कळदां मागची खरी घटना सांपडते. आणि आजोबांनीं तीच गोष्ट तीन वेळां लिहिली असेल तर तीन वेळां लिहिली हीच माहिती असते. छापावयाचें तें छापावें, पण मूळ वही घरांतच बांधून ठेवूं नये. तिच्या पहिल्या पानावर कोणीं, कोणत्या वर्षीं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली एवढें नोंदवून ती एखाद्या संग्रहांत द्यावी. लिहून देणार्‍यास आपण कोणते प्रश्न विचारले होते तेहि त्याच पानावर असावेत. आणि ‘माझा प्रवास’ यांतील उतारा देणार्‍यांनीं, तो १९०७ च्या प्रतींतला कीं १९६६ च्या, हें प्रत्येक वेळीं लिहावें.